मामा, तू फक्त गप्प बस

कळवा स्टेशनवर पश्चिमेला उतरलं की भाजीवाल्यांची रांग जिथे संपते, तिथे माझं दुकान. आठ बाय दहाचं. बोर्डवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, रेल्वे तिकीट आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. 2007 साली टाकलं तेव्हा चार कॉम्प्युटर होते आणि मुलं ऑर्कुटवर बसायला यायची, तासाला वीस रुपये. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला, कॅफे मेला आणि फॉर्म उरले. कॉलेज प्रवेशाचे मे, जून, जुलै हे तीन महिने माझं वर्षाचं भाडं काढून देतात.

फॉर्म भरायचे मी शंभर घेतो. माहिती शोधून द्यायचे काहीच घेत नाही. पण ज्याला माहिती शोधून दिली तो फॉर्म माझ्याकडेच भरतो, हे मी लपवत नाही. 'काका, लास्ट डेट कधी?' 'काका, फी किती?' 'काका, नॉन क्रिमी लेयर आत्ता लागेल का नंतर चालेल?' दिवसाला चाळीसदा तेच. आणि चाळीसदा माझं एकच वाक्य ठरलेलं: 'अरे, साइटवर दिलंय ना सगळं, वाचायला काय होतं?'

अक्षय्य तृतीयेला ताईकडे आमरसावर बसलो होतो तेव्हा हीच तक्रार केली. आजकालच्या पोरांना वाचायचा कंटाळा, वगैरे. भाची समोरच होती. ती ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिचं काम आईला, म्हणजे माझ्या ताईला, अजून नीट कळलेलं नाही. लोकांना ॲप वापरायला द्यायचं आणि ते कुठे अडखळतात हे बघत बसायचं, याचे महिन्याला पैसे मिळतात.

ती म्हणाली, "मामा, तू त्यांना शोधताना कधी बघितलंयस?"

म्हटलं, "रोज बघतो."

"नाही. तू रोज त्यांच्या हातातून माउस काढून घेतोस."

पुरीचा तुकडा हातातच राहिला. खरंच होतं ते.

2025 साली बारावीचा निकाल 5 मेला लागला. 11 मेच्या रविवारी आम्ही शटर अर्धं खाली घेतलं आणि कॉलेजांच्या साइटवर मुलांना हवं ते सापडतं का, याची दुकानातच चाचणी घ्यायची ठरवली. चार साइट निवडल्या: एक विद्यापीठ, आसपासची दोन कॉलेजं आणि एक खासगी विद्यापीठ, ज्याच्या जाहिराती रिक्षांच्या पाठीमागे असतात. नावं लिहीत नाही. मला इथेच दुकान चालवायचंय.

किती मुलं बोलवायची, असं मी विचारलं. माझ्या डोक्यात पन्नास-साठ होती. ती म्हणाली, पाच. यामागे हिशोब आहे म्हणे. जेकब नील्सन नावाचे या विषयातले मोठे जाणकार आहेत. त्यांनी 2000 साली मांडलं की एखादी अडचण एका माणसाला दिसण्याची शक्यता सरासरी 31 टक्के धरली, तर पाच माणसांत साधारण 85 टक्के अडचणी उघड्या पडतात. सहावा-सातवा माणूस बहुतेक त्याच खड्ड्यात पडतो. मात्र माणसं वेगवेगळ्या जातकुळीची असतील तर प्रत्येक प्रकारातून तीन-चार तरी घ्यावी लागतात. आमच्याकडे एका रविवारपुरताच वेळ होता, म्हणून पाचही जण मुद्दाम वेगळे घेतले. हा प्रकार शास्त्रात बसत नाही, असं तिने आधीच सांगून टाकलं.

खरी मेहनत प्रश्न तयार करण्यात गेली. मी वहीत लिहिलं होतं: 'फी स्ट्रक्चर शोधा', 'एलिजिबिलिटी शोधा'. तिने दोन्ही खोडलं. "हे शब्द साइटवरच आहेत मामा. तू त्यांना उत्तराचा पत्ताच देतोयस. मूल घरी काय म्हणतं ते लिही." मग आम्ही माझ्या काउंटरवर येणारी वाक्यं आठवून लिहिली. पहिल्या वर्षाला घरून एकूण किती पैसे न्यावे लागतील? ताईने केला तोच कोर्स इथे आहे का? शेवटचा दिवस कुठला? राहायची सोय आहे का? कुठले दाखले आत्ताच हवेत? मुलींना फी माफ झाली म्हणतात, ती मला लागू आहे का? आणि काही अडलं तर कुणाला विचारू? एकूण सात.

दुसरा नियम मोठ्याने बोलायचा. स्क्रीनकडे बघताना डोक्यात जे येईल ते तोंडाने बोलत राहायचं. ही पद्धत आयबीएमच्या क्लेटन लुईस यांनी 1982 मध्ये कॉम्प्युटरच्या चाचणीत आणली. मूल गप्प झालं तर आपण एवढंच विचारायचं: आत्ता काय बघतोयस?

तिसरा नियम माझ्यासाठी होता. "मामा, तू फक्त गप्प बस." म्हणून मी बडीशेपेची डबी जवळ घेऊन बसलो. बोलावंसं वाटलं की चिमूटभर तोंडात. दुपारपर्यंत डबी संपली.

पहिली कळव्याचीच मुलगी. कॉमर्स, 71 टक्के. वडील रिक्षा चालवतात, जात ओबीसी, उत्पन्नाचा दाखला काढलेला. मामेबहिणीने बीएमएस (मॅनेजमेंटची पदवी) केलंय म्हणून हिलाही तेच करायचंय. भाचीने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "ही तुझी परीक्षा नाही, साइटची आहे." पण परीक्षा हा शब्द ऐकूनच मुलगी ताठ बसली. कॉलेजच्या साइटवर शोधायच्या चौकटीत तिने बीएमएस टाईप केलं. उत्तर शून्य. कोर्सची यादी उघडली, वरून खाली गेली, खालून वर आली. 'बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज' या ओळीवर तिचं बोट थांबलं, आणि ती म्हणाली, "हे काहीतरी वेगळं असेल." पुढे गेली. मी बडीशेप घेतली.

मला कारण माहीत होतं. 2024-25 पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षण बघणाऱ्या केंद्रीय परिषदेने, बीबीए, बीएमएस, बीसीए आपल्या कक्षेत घेतले. त्यामुळे त्या नावाच्या कोर्सला राज्यात सीईटी आली. मग बऱ्याच कॉलेजांनी त्याच धर्तीचा कोर्स बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज या नावाने सुरू केला, त्याला सीईटी लागत नाही. गेल्या वर्षीपासून ही गोष्ट मी शे-दोनशे जणांना तरी सांगितली असेल. कॉलेजात शिपायालासुद्धा माहीत असेल. साइटवर मात्र एक ओळ नाही. सहा मिनिटांनी ती म्हणाली, "इथे बीएमएस बंद झालंय वाटतं," आणि पुढच्या प्रश्नावर गेली. तिच्यापुरतं ते कॉलेज तिथेच संपलं.

फीचं पान तिला लगेच सापडलं. पण ते पान म्हणजे पीडीएफ, आणि पीडीएफ म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो. फाइलचं नाव 'स्कॅन 0047'. कागद आडवा स्कॅन झालेला. तिने फोन आडवा केला, तर पानही फिरलं. पुन्हा उभा केला, पान पुन्हा फिरलं. मग तिने मान वाकडी केली. त्या वाकड्या मानेने आठ रकान्यांतला पहिला आकडा वाचला आणि सांगितला. तो ओपनचा रकाना होता. तिचा तिसरा.

फीमाफीच्या प्रश्नावर तर माझीही पंचाईत झाली. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत, पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. म्हणजे सीईटी देऊन बीएमएसला गेली तर एक हिशोब, आणि नाव बदललेल्या बीकॉमला गेली तर दुसरा? रिक्षावाल्याच्या घरात सगळा निर्णयच यावर फिरतो. चारही साइट धुंडाळल्या. एकीवरही हा प्रश्न कुणाला पडल्याची खूण नव्हती. तिने 'स्कॉलरशिप' उघडलं तर बक्षीस समारंभाचे फोटो आले.

दुसरा दिघ्याचा. 2024 च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यापासून ट्रेनने फिरतो. सायन्स, बीएससीला जायचंय. त्याने आम्ही दिलेली कुठलीच साइट उघडली नाही. सरळ गूगलमध्ये 'बीएससी फी किती ठाणे' असं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. भाचीने मला डोळ्याने खुणावलं, अडवू नको. वर जाहिरात आली, तिच्याखाली कुठलं तरी कॉलेज शोधून देणारं पोर्टल. फी बघायला नंबर मागितला, तर पठ्ठ्याने आईचा नंबर दिला. तो दुकानात बसलेला असतानाच आईचा फोन आला, "अरे कोण बाई विचारतायत ॲडमिशन कन्फर्म करू का?" एका तासात असे चार फोन.

मग फिरत फिरत तो खऱ्या साइटवर पोचला. (खरी कशी ओळखायची, हे मी सगळ्यांना सांगतो: पत्त्याच्या शेवटी एसी डॉट इन किंवा ईडीयू डॉट इन बघा. ती नावं अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था फक्त शिक्षणसंस्थांनाच देते. शेवटी डॉट कॉम असलं म्हणजे खोटीच असं नाही, पण जरा थांबून बघावं.) तिथे त्याला सूचना मिळाली: 'प्रवेश अर्जास मुदतवाढ, 20 जूनपर्यंत'. "सापडलं! वीस जून!" स्टॉपवॉचवर दीड मिनिट. मी बडीशेपेच्या डबीत बोट घातलं. त्या कागदावर वर्षच नव्हतं. जावक क्रमांक होता, दिनांकाच्या जागी शिक्का उमटलेला होता, पण पुसट. मी तो कागद ओळखत होतो. तीन वर्षांपूर्वीचा होता.

इथे भाचीने वहीत तिसरा रकाना आखला. 'सापडलं' आणि 'सोडून दिलं' हे दोन आधीच होते. तिसऱ्याचं नाव तिने ठेवलं 'सापडलं असं वाटलं'. ज्याला सापडत नाही तो माझ्या दुकानात येतो, शंभर रुपयांत सुटतो. ज्याला सापडलं असं वाटतं, तो येतच नाही. म्हणजे येतो, पण तारीख उलटून गेल्यावर. गेल्या जूनमध्ये असाच एक मुलगा आला होता. संलग्न कॉलेजात प्रवेश घ्यायचा तर आधी विद्यापीठाकडे प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते, आणि मग प्रत्येक कॉलेजाचा फॉर्म वेगळा भरून मेरिट लिस्टची वाट बघावी लागते. याने नोंदणी केली, पैसे भरले, पावती आली, आणि हा निवांत गावाला गेला. दुसरी यादी लागल्यावर विचारायला आला, माझं नाव कुठेय? फॉर्मच कुठल्या कॉलेजात गेलेला नव्हता. मी तेव्हा त्याला झापलं होतं, सूचना नीट वाचता येत नाही का म्हणून. दिघ्याच्या मुलाने 'प्रवेशपूर्व नोंदणी' हे शब्द माझ्यासमोर वाचले आणि म्हणाला, "म्हणजे हे भरलं की झालं." शब्द नीटच वाचले होते त्याने.

तिसरी दिव्याची, मराठी माध्यम, आर्ट्स. साइटच्या कोपऱ्यात 'मराठी' असं बटण होतं, ते बघून चेहरा खुलला. दाबलं. वरची पट्टी मराठी झाली, आतला मजकूर इंग्रजीच राहिला. ती काही बोलली नाही, भाचीने विचारल्यावर म्हणाली, "काही नाही, वाचतेय." वाचत नव्हती. मग एक पान खरोखर मराठीत मिळालं, लांबलचक. त्यात तिला राहायच्या सोयीचं शोधायचं होतं. फोनवर पानात शब्द शोधायची सोय असते, ती तिला माहीत होती, हे मला विशेष वाटलं. 'वसतिगृह' टाकलं. नाही. 'वसतीगृह' टाकलं. नाही. माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काका, ती ऱ्हस्व की दीर्घ?"

शब्द तिच्या डोळ्यांसमोर, त्याच पानावर, खालून तिसऱ्या ओळीत होता. ऱ्हस्व. तिचं पहिलं बरोबर होतं.

इथे मी नियम मोडला. कारण ही गोष्ट भाचीच्या आधी माझ्या लक्षात आली. मी वीस वर्षांपूर्वी छापायच्या लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर टाईप करायचो. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये स्क्रीनवर देवनागरी दिसायचं, पण कॉम्प्युटरच्या पोटात सगळी रोमन अक्षरंच असायची. फॉन्ट काढला की 'चि. सौ. कां.' च्या जागी नुसता कचरा. ते पान तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये केलेलं होतं. माणसाला मराठी दिसतं, यंत्राला दिसत नाही, त्यामुळे गूगललाही ते पान मराठी म्हणून सापडणार नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, येऊन इतकी वर्षं झाली तरी. मी हे सगळं एका दमात बोलून टाकलं. भाचीने वहीत लिहिलं: 'मामा बोलला'. मुलीचा चेहरा मात्र जरा सैल झाला. तोपर्यंत तिला वाटत होतं की आपलं शुद्धलेखन कच्चं आहे.

पाचही जणांत एक गोष्ट सारखी होती. अडले की म्हणायचे, 'माझंच चुकतंय', 'मला नीट जमत नाही', 'थांबा, मी परत बघते'. एकानेही साइटला शिवी दिली नाही. शिव्या मी देत होतो, मनात.

चौथा ऐरोलीचा. इंग्रजी माध्यम, स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला. खासगी विद्यापीठाची साइट त्याच्या हातात अशी चालली की बघत राहावं. गुळगुळीत साइट, पोरं हिरवळीवर हसतायत, खाली कोपऱ्यात कुणीतरी 'हाय' म्हणतंय. सातही उत्तरं बारा मिनिटांत. भाची काही बोलली नाही. मुलगा गेल्यावर तिने एकेक उत्तर तपासलं. तीन चुकलेली. फी त्याने वर्षाची म्हणून सांगितली, ती एका सेमिस्टरची होती. 'स्कॉलरशिप शंभर टक्के' वाचून खूश झाला होता, तिची अट खाली राखाडी अक्षरांत होती, ती त्याला लागू होत नव्हती. स्टॉपवॉच लावून नंबर काढले असते तर हा पहिला आला असता. आणि हिशोबात दुपटीने चुकलेला मुलगाही हाच.

पाचवी विद्यार्थिनी नव्हतीच. भाचीला मुद्दाम एक पालक हवा होता. या बाई रबाळेला एमआयडीसीत पॅकिंगला आहेत. मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, त्याला वेळ नाही, म्हणून त्याच्या पदवीचं त्याच बघतायत. फोन हातात घेऊन त्यांनी पहिल्या पानावरचा मेनू मोठ्याने वाचला. अबाउट अस, ॲकॅडेमिक्स, नॅक, आयक्यूएसी… थांबल्या. "हे आयक्यूएसी म्हणजे कुठलं शिक्षण हो?"

भाचीला हसू आवरेना. पण प्रश्न अगदी बरोबर होता. आयक्यूएसी म्हणजे कॉलेजातली गुणवत्ता बघणारी अंतर्गत समिती. तिचे वार्षिक अहवाल साइटवर ठेवावे लागतात, कारण नॅक या कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन. म्हणून तो मेनू ठळक, त्यातले दुवे चालू, वर्षवार अहवाल शिस्तीत लावलेले. म्हणजे साइट नीट ठेवता येत नाही असं अजिबात नाही. ज्याची तपासणी होते ती बाजू नीट आहे. बाईंना लागते त्या बाजूची तपासणी करायला कोण येणार?

नियम तसा आहे. यूजीसीच्या 2023 च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांत लिहिलंय की प्रवेश सुरू व्हायच्या किमान साठ दिवस आधी माहितीपत्रक साइटवर हवं: कोर्सवार जागा, पात्रता, फी, पैसे परत मिळायचे नियम, सगळ्यासकट. भाचीने ते काढून मला वाचून दाखवलं. आमच्या चारांपैकी तिघांनी माहितीपत्रक ठेवलं होतं, त्यातलं एक गेल्या वर्षीचं. पण ठेवलं आहे, हे खरं. 'साइटवर दिलंय ना सगळं' हे माझं वाक्य कायद्याने बरोबरच ठरलं असतं.

बाईंना बाकी कशात रस नव्हता. त्यांना सातवा प्रश्न आवडला, कुणाला विचारू. पार तळाशी एक लँडलाइन सापडली. रविवार होता म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्या दुकानात आल्या आणि माझ्यासमोर नंबर लावला. रिंग गेली, कुणीतरी उचलला आणि कानात किर्रर्र आवाज आला. फॅक्स होता.

एवढं सगळं कुणाला तरी सांगायला हवं म्हणून भाचीने दीड पानाचं टिपण केलं. चारांपैकी एका कॉलेजचे हेड क्लार्क माझे गिऱ्हाईक आहेत, लॅमिनेशनला येतात. त्यांना दिलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि चहा मागवायला सांगितला.

"स्कॅन का टाकता, टाईप का नाही करत?" मी विचारलं.

"टाईप केलं आणि एक शून्य राहिलं तर? लोक फीवर भांडायला माझ्याकडे येणार. सहीचा कागद जसाच्या तसा चढवला की माझी जबाबदारी संपली. आणि साइट आमच्या हातात नाही, ती ज्याला दिलीय त्याला मेल करायचा, तीन दिवसांनी तो करणार. आडवं चढलं ते सरळ करायचे परत तीन दिवस."

यावर मला हसता आलं नाही. मीसुद्धा फॉर्म सबमिट करण्याआधी प्रिंट काढून मुलाची सही घेतो, 'वरील माहिती मी तपासली आहे'. उद्या जन्मतारीख चुकली तर माझ्या अंगावर नको.

मी म्हटलं, निदान बीकॉमच्या त्या ओळीसमोर 'पूर्वीचे बीएमएस' एवढं तरी लिहा. ते दचकलेच. "अहो, नाही लिहिता येणार! कागदोपत्री ते पूर्वीचं बीएमएस नाहीच. वेगळा कोर्स आहे. असं लिहिलं तर उद्या कुणीतरी तक्रारीचा अर्ज टाकेल." आम्ही दोघंही चहा पीत गप्प बसलो. तेवढ्यात भाचीचा फोन आला, तिला विचारलं. ती म्हणाली, "मग सांगू नका, विचारा. 'बीएमएस शोधताय? हा कोर्सही पाहा.'" हेड क्लार्कांनी कप खाली ठेवला. "हां. प्रश्नाला सही लागत नाही."

त्यांनी किती केलं? एकूण तीन गोष्टी. तो प्रश्न टाकला. फीच्या पीडीएफचं नाव बदलून त्यात वर्ष घातलं आणि कागद सरळ केला. आणि फाइलच्या वर चार ओळी टाईप केल्या: कुठल्या प्रवर्गाला पहिल्या दिवशी किती भरायचे. खाली लगेच 'अधिकृत आकड्यांसाठी सोबतचे परिपत्रक पाहावे'. त्यांचं मन राखायला एवढं हवंच होतं. फॅक्सचा नंबर अजून तसाच आहे, तो दुसऱ्या विभागाचा म्हणे. फीमाफीचा प्रश्न त्यांनी वरिष्ठांकडे विचारलाय. बाकीच्या तीन साइटना आम्ही मेल केले, एकाचं आपोआप येतं तसं उत्तर आलं.

कळव्याच्या मुलीला मी बीकॉमचं सगळं सांगितलं, सीईटीचंही. तिने अजून ठरवलेलं नाही. दिव्याच्या मुलीला वसतिगृह मिळणार नाही, कारण तिथे मुलींचं वसतिगृहच नाहीये. हे शोधायला आम्हाला तिघांना मिळून अर्धा तास लागला. 'नाही' हे कुणी साइटवर लिहीत नाही.

त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला, दुकानात पाणी शिरलं नाही हेच नशीब. अकरावीची ऑनलाइन प्रक्रियाही त्याच वर्षीपासून अख्ख्या राज्याला लागू झाल्यामुळे जून नुसता गर्दीत गेला. त्या गर्दीत एक मुलगी छत्री मिटत आत आली. ओळखीची नव्हती. सवयीने मी माउस हातात घेतला आणि विचारलं, "कुठलं कॉलेज? फी बघायचीय?"

"नाही काका, बघितली. एवढ्या दोन पानांच्या प्रिंट द्या फक्त. फॉर्म मी भरला."

फोनवर तेच कॉलेज होतं, वर टाईप केलेल्या चार ओळी. मी प्रिंट काढून दिल्या.

"दहा रुपये."

तिच्याकडे सुट्टे नव्हते. तिने कोड स्कॅन केला, आणि काउंटरवरचा डबा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडला, दहा रुपये प्राप्त झाले.